गाडी आपली, आरसा गावाचा

इंजिन बॉनेटखाली, पेट्रोल टाकीत, कागदपत्रं डॅशबोर्डच्या कप्प्यात आणि हप्ते बँकेत. गाडीचं महत्त्वाचं ते सगळं आत झाकलेलं असतं. बाहेर राहतात फक्त दोन आरसे. आणि आमच्या चंद्रपुरात जे बाहेर राहिलं ते सगळ्यांचं, असा अलिखित कायदा आहे. गोल बाजाराच्या तोंडाशी गाडी उभी करून पालक-मेथी घेऊन या. तेवढ्या वेळात तिच्या आरशात एखाद्या मुलाने भांग पाडलेला असतो, स्कूटीवरच्या दोघींनी तोंडावरचा दुपट्टा सोडून नव्याने बांधलेला असतो आणि खर्रा तोंडात धरलेल्या एका गृहस्थाने, दात न दाखवता किती हसता येतं, याचा सराव केलेला असतो. आपण किल्ली हातात घेऊन पोचलो तरी कोणी दचकत नाही. उलट 'थांबा जी, झालंच' अशी हाताने खूण होते आणि आपणही आपल्याच गाडीपाशी रांगेत उभे राहतो.

त्यामुळे गाडी घेताना मुलाने सांगितलं की टॉप मॉडेलचे आरसे कुलूप लावलं की आपोआप मिटतात, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तो पुण्यात शिकतो. त्याने सोय, सुरक्षितता, पुनर्विक्री अशी बरीच कारणं दिली. माझं कारण एकच होतं : रात्री आरसे घरी येतील. साध्या मॉडेलच्या आणि टॉप मॉडेलच्या किमतीतल्या फरकात एक बऱ्यापैकी म्हैस आली असती, असं आई म्हणाली. आईचा सगळा हिशेब अजून म्हशींत चालतो. पण गाडी दारात आली, कुलपाचं बटन दाबलं, 'झूंऽऽ' करून दोन्ही आरसे आत वळले, आणि आईचा विरोध मावळला. "बघ, नमस्कार करते," ती म्हणाली आणि तिनेही हात जोडले. गाडीने नमस्कार केला नाही तर पुढे काय होईल याची बीजं तिथेच पडली होती.

मिटणाऱ्या आरशांची गरज चंद्रपूरकरांना समजावून सांगावी लागत नाही. गोंड राजांनी गावाभोवती परकोट घातला आणि त्याला चार दरवाजे नि पाच खिडक्या ठेवल्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे ते दरवाजे. त्यांचं माप हत्तीवरून काढलं असावं. हत्ती, त्यावर अंबारी, अंबारीत राजा एवढं सगळं हिशेबात धरलेलं दिसतं, पण बाजूला आरसा धरलेला नाही. आज सकाळी दहाच्या सुमाराला जटपुरा गेटपाशी ऑटो, स्कूटी, शाळेची व्हॅन, भाजीचा ठेला आणि घाई नसलेली एक गाय एकाच वेळी पोचतात. तिथे आरसे मिटून घेतले तर मागचं दिसत नाही आणि उघडे ठेवले तर आरसेच राहत नाहीत.

हीच अडचण जपान्यांचीही होती. तिथे १९८३पर्यंत दारावर आरसे लावायला परवानगीच नव्हती. आरसे पुढे बॉनेटच्या दोन्ही कडांवर उभे असायचे. परवानगी मिळाली, आरसे दारावर आले, आणि जपानी गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच अरुंद राहिल्या. मग १९८४मध्ये निसानच्या लॉरेल गाडीला विजेवर मिटणारे आरसे आले. म्हणजे हा शोध माणसांची दाटी असलेल्या देशाने माणसांच्या दाटीसाठी लावलेला आहे. आरशाच्या वाटेला आणखी कोण कोण येऊ शकतं, याचा विचार त्यात नाही. तो त्यांनी ताडोबात येऊन केला असता तर बरं झालं असतं.

तसा मागे बघण्याचा इतिहास फार जुना नाही. डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्रज बाईंनी १९०९मध्ये मोटार चालवणाऱ्या बायकांना सल्ला दिला होता की हातातला छोटा आरसा जवळ ठेवावा, मधूनच उंच धरून मागचं पाहावं. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरून एकटाच गाडी घेऊन उतरला. बाकीच्यांच्या शेजारी मागे लक्ष ठेवायला एकेक मेकॅनिक बसलेला होता. याला मागचं दिसणार कसं, अशी तक्रार झाली, तेव्हा त्याने गाडीवर आरसा ठोकला. शर्यत तो जिंकला. पण विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसलं नाही, असं त्याने पुढे सांगितल्याचं म्हणतात. आमच्याकडे पावसाळ्यानंतर गोंडपिपरीच्या बाजूला गाडी चालवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आमच्या पिढीने तर अशा मारुती ८०० चालवल्या ज्यांना डावा आरसा नव्हताच. डावीकडचं बघायला बायको असायची. ती आरशापेक्षा जास्त दाखवायची आणि न विचारता.

आमचा डावाच बिघडला. कुलूप लावलं की उजवा शहाण्यासारखा आत यायचा, डावा कधी यायचा, कधी ढिम्म उभा राहायचा, कधी अर्ध्यावर येऊन 'कट कट कट' करत थांबायचा. अर्ध्यावर थांबला की त्याची काच नेमकी डाव्या सीटकडे वळायची आणि तिथे बसलेल्या सौभाग्यवतींना त्यात पूर्ण चेहरा दिसायचा. या गाडीतली ही पहिली उपयोगाची सोय आहे, असं त्यांचं मत पडलं. मी मात्र अस्वस्थ होतो, आणि आई माझ्याहून. एकच हात जोडलेला नमस्कार अशुभ असतो. तिने बंपरखाली लिंबू-मिरची बांधली.

आता, एखादी वस्तू बाहेर असली की तिच्यावरचं ज्ञानही बाहेरच असतं. इंजिनात बिघाड झाला तर लोक सहानुभूती दाखवतात, आरशात झाला तर उपाय सांगतात.

पहिला आला मेव्हणा. तो वेकोलिच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. ज्या वाहनाचं टायर माणसापेक्षा उंच असतं आणि चढायला शिडी लागते, ते वाहन दिवसभर हाकणाऱ्या माणसाला आमच्या गाडीबद्दल आदर वाटेल अशी अपेक्षा नव्हतीच. "भाऊजी, हा आरसा हाये की हात-आरसा?" असं म्हणून त्याने त्याला एक थाप मारली. आरसा मिटला. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, पोह्यांवर आणखी तर्री मागितली आणि थापेचं तंत्र सविस्तर सांगितलं. संध्याकाळी आरसा पुन्हा ढिम्म. मग थाप मारण्याचा घरात परिपाठच पडला. दूधवालाही जाता जाता एक मारून जायचा.

दुसरे शेजारचे काका. ते महाऔष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, आणि काकांनी त्यातला पाचशे मेगावॅटचा एक संच सांभाळलेला. त्यांच्यापुढे बारा व्होल्टची मोटर म्हणजे काय! पण पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनी आधी माझ्याकडून गाडीची किल्ली जप्त केली, स्टिअरिंगला सुतळीने एक पुठ्ठा बांधला आणि त्यावर 'काम चालू आहे, स्विच ऑन करू नये' असं लिहिलं. मग मल्टिमीटर काढला, वही काढली, वहीत रकाने आखले. त्यांचा तर्क मला पटण्यासारखा होता : दोन्ही आरशांचा फ्यूज एकच आहे, उजवा चालतो, म्हणजे फ्यूज चांगला आहे. एवढं बोलून त्यांनी सगळे फ्यूज काढून तपासले. ते सगळे चांगले निघाले आणि वहीत नोंदले गेले. घड्याळ बारावर गेलं, रेडिओ आपली सगळी स्टेशनं विसरला, आरसा होता तिथेच राहिला. काका समाधानाने म्हणाले, "चला, एक शक्यता मिटली."

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला संगणक जोडला. संगणकाने बराच विचार करून डावा आरसा चालत नाही असं सांगितलं. यावर उपाय म्हणजे अख्खी असेंब्ली बदलायची. ती नागपूरहून येणार, तिला गाडीचा रंग वेगळा द्यावा लागणार. किंमत ऐकल्यावर आईने पुन्हा म्हशीचा विषय काढला. म्हशीचे सुटे भाग नागपूरहून आणावे लागत नाहीत, हे खरंच होतं.

या सगळ्यात सौभाग्यवतींचा संशय वेगळाच होता. त्यांच्या मते हे मोहर्लीच्या हुप्प्याचं काम. पाहुणे आले की ताडोबाला नेणं हे चंद्रपूरकरांचं वतनी काम आहे. आपली गाडी मोहर्ली गेटला उभी करायची आणि जिप्सीतून आत जायचं. आत वाघ दिसो न दिसो, बाहेर आपल्या गाडीवर काय चाललंय ते मात्र बघण्यासारखं असतं. वानरांच्या टोळीचा मोठा नर म्हणजे हुप्प्या. तो आरशासमोर आला की त्याला आत दुसरा हुप्प्या दिसतो, आणि तोही मागे हटत नाही. दात दाखवले की तो दाखवतो, हात उगारला की तो उगारतो. आपल्या इलाख्यात असला निर्लज्ज नर बघून याचं डोकं फिरतं. टोळीतल्या माद्या आणि पिल्लं टपावरून तमाशा बघतात. मिटलेल्या आरशावर मग एखादं पोर बसतं आणि त्याच्या वजनाने आरसा पुन्हा उघडतो. आत पुन्हा तोच परका हुप्प्या.

पाखरंही कमी नाहीत. शिंजीर नावाचा अंगठ्याएवढा पक्षी विणीच्या दिवसांत आरशातल्या शिंजिराशी तासन्‌तास भांडतो. बुलबुल भांडतो, दयाळ भांडतो, सातभाई तर भांडायला सगळं खटलंच घेऊन येतात. दारावर पांढऱ्या रेघा ओघळलेल्या दिसल्या की समजावं, युद्ध झालं आणि बरोबरीत सुटलं. म्हणून जंगलाच्या गावांत गाडीच्या आरशांना कापडी पिशव्या नाहीतर जुने मोजे घातलेले दिसतात. उन्हाळ्यात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो तेव्हा चंद्रपुरात माणसं तोंडाला दुपट्टा बांधून हिंडतात आणि आरसेही. परगावच्या माणसाला वाटावं, इथे उष्माघाताची भीती गाडीलाही आहे.

हुप्प्यावर आरोप सिद्ध होईना. त्यातच आलापल्लीला एका साक्षगंधाचं आमंत्रण आलं. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी आणि वैनगंगेपलीकडे आष्टी, आलापल्ली असा तो रस्ता. समोरून सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक येतात, एकामागे एक. ट्रकच्या आरशाला मोटर नसते. लोखंडी दांड्यावर नटबोल्टने आवळलेला तो आरसा कोणासाठी मिटत नाही, समोरच्याने मिटायचं असतं. मी डावीकडे सरकलो की डावीकडे बांबू. रस्त्यावर झुकलेल्या त्या काठ्या दारावरून ओरखडे काढत आल्या आणि त्यांनी आरसा अलगद मागे लोटला. इतके दिवस जो बारा व्होल्टला दाद देत नव्हता तो बांबूला लगेच वश झाला. अर्थात आरशाची रचनाच तशी असते. कशावर आपटला तर तुटू नये, कोणाला लागू नये, म्हणून तो दोन्हीकडे वळतो. पण मागच्या सीटवरून मेव्हणा म्हणाला, "पाहा भाऊजी, मी सांगतच होतो. थापच लागते त्याले."

परत आल्यावर मेव्हण्यानेच एक पत्ता दिला. बल्लारपूर रस्त्याला कडुलिंबाखाली एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. दुकान म्हणजे एक टपरी, एक बॅटरी चार्जर आणि एक सोल्डरिंगची कांडी. आम्ही तिघे गेलो. काका वही घेऊन आले होते. मिस्त्रीने आधी आरशाच्या बिजागरीत बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. वरचा थर लाल होता, खालचा काळा. "आलापल्लीवून आले का जी?" तो म्हणाला. काळा थर चंद्रपूरचा, कोळशाचा. त्याबद्दल त्याने विचारलंच नाही. तो इथे सगळ्यांच्याच गाडीला असतो.

मग त्याने डावं दार उघडलं. पूर्ण नाही, अर्धं. "आता बटन दाबा." मी दाबलं. 'झूंऽऽ'. आरसा मिटला. दार लावलं, बटन दाबलं, काही नाही. पुन्हा अर्धं उघडलं, पुन्हा मिटला. काकांचं पेन वहीवर थबकलं. पाचशे मेगावॅटच्या संचात असं काही होत नसावं.

"मोटर चांगली हाये. तार तुटली," मिस्त्री म्हणाला आणि दार नि गाडी यांच्या फटीतली रबरी नळी त्याने सोलून दाखवली. आरशाच्या, काचेच्या, स्पीकरच्या, सगळ्या तारा या नळीतून दारात जातात. दार उघडलं की त्या ताणतात, लावलं की दुमडतात. वर्षानुवर्षं तेच चालल्यावर एखादी तार आतून तुटते आणि वरचं आवरण शाबूत राहतं. दार अर्धं उघडलं की तुटलेली टोकं एकमेकांना भेटतात, बंद केलं की दुरावतात. कुलूप लावताना दार कसं आपटलं जातं यावर त्या दिवशीचा नमस्कार अवलंबून होता. संगणकाला हे दिसणार नाही, कारण संगणक जोडताना दारं बंद होती. मिस्त्रीने टोकं जोडली, सोल्डर मारलं, वर बाही चढवली. त्याचं बिल सांगत नाही. घरी तज्ज्ञांना जेवढे तर्री-पोहे खाऊ घातले त्याच्या निम्म्यातही ते भागलं असतं.

पण 'कट कट' राहिलंच होतं. तेव्हा तो म्हणाला, "हे कोणीतरी हातानं मिटवते." आणि त्याने जे समजावलं ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर दूधवाल्याची थाप मी त्याच दिवशी बंद केली असती. आतली मोटर एवढीशी असते. ती छोट्या चक्रांवरून आरसा फिरवते आणि आरसा टोकाला जाऊन अडला, वीज जास्त ओढली जाऊ लागली, की थांबते. आरसा एका खाचेत बसलेला असतो. हाताने ढकलला की तो खाचेतून सुटतो, पण मोटरला ते कळत नाही. तिच्या समजुतीने आरसा उघडाच आहे. पुढच्या वेळी ती आपल्या हिशेबाने फिरते, आरसा आपल्या जागी असतो, आणि दोघांची जी बाचाबाची होते ती 'कट कट'. उपाय सोपा निघाला. बटनाने पूर्ण मिटायचा, पूर्ण उघडायचा, हाताने पुढे रेटून 'टक' असा आवाज आला की खाच बसली. मिस्त्रीने टक करून दाखवलं. काकांनी 'टक' असं नोंदवलं.

आता प्रश्न उरला तो कोण हाताने मिटवतं याचा. मेव्हणा आणि दूधवाला सोडले तरी यादी मोठी होती. कारण आमच्या भागात हे कोणी खोडी म्हणून करत नाही, माया म्हणून करतं. गल्लीत गाडी उभी असली आणि आरसा बाहेर दिसला की जाणारा येणारा तो आत ढकलून जातो. 'कोणी धडकला तर बिचाऱ्याचं नुकसान.' लग्नघरी मांडवाचे खांब घेऊन जाणारी पोरं मिटवतात. मंदिरापाशी फुलवाली मिटवते. वडसा, आरमोरीकडे झाडीपट्टीचं नाटक बघायला गेलो की शेतात लावलेल्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढताना प्रेक्षक दोन्ही बाजूंचे आरसे मिटवत जातात आणि पहाटे नाटक संपल्यावर तेच प्रेक्षक येताना उघडत येतात. एवढ्या चांगुलपणापुढे प्लॅस्टिकचं चक्र टिकणार कसं? आणि त्यांना रागावणार कसं? मी एकदा 'हात नका लावू जी' म्हटलं तर त्या भल्या माणसाने आरसा मिटवला, परत उघडला, पुसला आणि माफी मागितली. तीन वेळा हात लागला.

काकांनी यावर रामबाण काढला. विजेच्या खांबावर असते तशी कवटी नि दोन हाडं, खाली लाल अक्षरांत 'धोका, ११००० व्होल्ट'. त्याचं एक छोटं स्टिकर त्यांनी कुठूनसं करून आणलं आणि आरशाच्या पाठीवर चिकटवलं. आईला कवटी आवडली नाही, पण तिने नजर लिंबू-मिरचीहून चांगली उतरेल असं काकांनी तिला पटवलं. हुप्प्याला वाचता येत नाही, त्यामुळे मोहर्लीत मोजा घालावाच लागतो. माणसं मात्र वचकली. गल्लीतले लोक आता आरशापासून हातभर लांबून जातात. गोल बाजारातला भांग पाडणारा शेजारच्या गाडीकडे वळला. जटपुरा गेटला वाहतूक पोलिसाने थांबवून हे काय म्हणून विचारलं, तर सौभाग्यवतींनी 'आमच्या शेजाऱ्यांचं आहे' असं खरंच उत्तर दिलं आणि त्याने जाऊ दिलं.

परवा आरमोरीजवळ एका गावात गाडी लावली. सात-आठ वर्षांचा एक मुलगा स्टिकर वाचत बराच वेळ उभा होता. ओठ हलत होते. मग त्याने खिशातून वायर काढली आणि विचारलं,

"काकाजी, अकरा हजार हायेत तं बाबाचा मोबाईल चार्ज होते का जी यात?"